सर, प्रकरण वाचा

पीएच.डी.ला नाव घातलं आणि वर्षभरातच मी आजारी पडले. काही आठवडे मनोरुग्णालयात होते. सत्तरच्या दशकात घरोघरी अशी गोष्ट लपवत, पण माझ्या आईने जाऊन माझ्या मार्गदर्शक सरांना खरं ते सांगितलं. सर भला माणूस. त्यांनी मला काढलं नाही. फक्त माझं लिखाण वाचणं सोडलं.

माझा विषय नागपूरचे विणकर. प्रबंधाचं प्रकरण घेऊन मी सक्करदऱ्याहून सायकलने त्यांच्या घरी जायची.

"झोप लागून राहिली नं? गोळ्या घेऊन राहिली नं?"

"हो सर. प्रकरण पाहिलं का?"

"घाई काय आहे? डोक्याले ताण नको देऊ."

मग बदामाचं दूध यायचं. कधी लग्न करून टाकायचा सल्ला, कधी रामटेकला जाऊन यायचा. माझ्यासोबतच्या विद्यार्थ्याला मात्र ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं झापायचे. त्याच्या कागदांवर लाल शाई पाहून मला हेवा वाटायचा. हातमाग का बंद पडले यावर मी त्यांच्याशी वाद घातला, तर म्हणाले, "आज थकलेली दिसतेस." चिडायचीही सोय नव्हती. चिडले की तो आजारच ठरायचा.

एका दुपारी मी दुधाला हात लावला नाही. म्हटलं, "सर, आजारी मी आहे, प्रकरण नाही. वाचून होईपर्यंत मी बसते."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "वाचा नं बाप्पा. केव्हाची बसून राहिली पोरगी."

सरांनी चष्मा लावला. चार पानं झाल्यावर आवाज चढला. "हे कशावरून? पुरावा कुठं आहे? हे सगळं काढ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच कागद मिटले.

"मिटू नका सर. रडू येतं, येऊ द्या. पुढचं सांगा."

त्यांनी सांगितलं, अंधार पडेपर्यंत. अर्धं प्रकरण छाटलं गेलं. मी घरी येऊन पोटभर जेवले.

मध्ये पुन्हा एकदा दवाखाना झाला, पण प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेच्या दिवशी सर बाहेरच्या परीक्षकांच्या कानाशी लागले, "जरा बेतानं विचारा, पोरीची तब्येत नाजूक आहे." मला ते ऐकू आलं. परीक्षकांनी त्यांचं ऐकलं नाही, चांगलं धारेवर धरलं मला. सर शेजारी बसून घाम पुसत होते.