वेणूच्या पोटऱ्या

वेणू तलासरीची. चावऱ्या माशा ओळखायच्या सर्वेक्षणावर कासाजवळच्या आमच्या पाड्यात आली आणि आमच्याच मागच्या खोलीत राहिली. सकाळी माझी पूजा आटोपेपर्यंत ही ओहोळातल्या दगडावर सलवार गुडघ्यापर्यंत सरकवून बसलेली असायची. बारीक काळी माशी पोटरीवर टेकली की चावायच्या आत तोंडाने ओढायच्या नळीत ओढून घ्यायची. कधी जमायचं, कधी माशीचंच साधायचं.

धुणं धुणाऱ्या बायका चिडवायच्या, "काय गो, कालवण करतेस काय यांचं?"

"करते की! वाटी पाठवू, मावशी?"

एकदा तिच्या माशांच्या बाटल्या माझ्या देव्हाऱ्याखाली सापडल्या. मी ओरडले. ती म्हणाली, "काकू, तिथे गार असतं. शिवाय महालक्ष्मीचं लक्ष राहतं." आता हिच्यावर रागवायचं तरी कसं?

शेजारच्या बायजीला धूसर दिसायचं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशनची तारीखही दिली. पण नातवाच्या, जिग्नेशच्या मोबाइलवर व्हिडिओ आला: नदीकाठची काळी माशी चावते आणि माणूस आंधळा होतो. झालं! बायजीने धरून ठेवलं, आपले डोळे ओहोळातल्या माशीनेच नेले, आता ऑपरेशन करून काय होणार? ओहोळाकडे फिरकेना. आणि कासाच्या दवाखान्यात न्यायची जीप तर पलीकडच्या काठावरच थांबते. मी महालक्ष्मीला ओटी बोलले.

वेणूने पकडलेल्या माशा सूक्ष्मदर्शकाखाली धरून तक्त्याशी ताडून पाहिल्या, वरच्या साहेबांकडून खात्री करून घेतली आणि बायजीच्या ओट्यावर जाऊन बसली.

"बायजी, ही त्याच कुळातली, पण ती नव्हे. तो आजार तिकडे आफ्रिकेत. आपल्याकडची चावते, खाज सुटते, तेवढंच."

"तुला काय ठाऊक? काल आलेली पोर तू."

"मग माझे डोळे कसे धड? रोज तिच्या तोंडी पाय देते मी."

बायजीने हात पुढे करून वेणूचा हात चाचपला. मग म्हणाली, "तारखेला तू पुढे चाल. मी तुझा हात धरीन."

तशीच ती ओहोळ ओलांडून गेली.

ऑपरेशन नीट झालं. परत येताना बायजीच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. ओहोळापाशी पोचली तर वेणू दगडावर बसलेलीच. बायजीने चष्मा वर केला आणि वाकून पोटरीवरची माशी न्याहाळली.

"एवढीशी? हिला भ्यायले मी?"

मग तिची नजर माशीवरून पायावर गेली. लाल गांध्या, खाजवून काळे पडलेले डाग.

"अगो पोरी, पाय काय करून घेतलेस हे! चल घरी. करंजाचं तेल लावते."