वाईट वेटर व्हायची शिकवणी

अर्धी वाट सरली तरी आजोबांचे हात काही पाठीमागे ठरेनात. बागेपर्यंतचा रस्ता लांबचा आणि चढाचा. पुढे अडीच वर्षांची नात डुलत डुलत चाललेली, मागे आजोबा, आणि त्यांच्या शेजारी, उशिरा बोलणाऱ्या-चालणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन घरच्यांना वळण लावणाऱ्या ताई.

"आजोबा, हात," ताई म्हणाल्या.

"मागेच आहेत की."

"मग तिच्या टोपीचा पट्टा आत्ता कुणी बांधला?"

"सवय हो ताई. जन्म गेला त्यात."

जन्म खरंच गेला होता. आजोबा एका मोठ्या हॉटेलात वेटर होते. गिऱ्हाइकाने घसा खाकरायच्या आत पाणी, मान वळवायच्या आत बिल. "माझ्या टेबलावर कुणाला हाक मारायची वेळ आली नाही," असं ते छाती फुगवून सांगत. नोकरी संपली आणि नात जन्मली, म्हणजे घरबसल्या कायमचं गिऱ्हाईक मिळालं. तिला ते बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांनी नुसती भुवई हलवली की केळं सोलून हजर!

नातीचं सगळंच जरा उशिरा. चालली उशिरा, आणि बोलण्याचा तर अजून पत्ता नाही. कान तपासले, ते ठणठणीत. ताईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "यात कुणाचा दोष नाही. देवाने प्रत्येकाची चाल वेगळी ठेवलीय. पण तिला मागायची संधी तर मिळायला हवी ना? आजोबा, तुम्ही जगातले सगळ्यात वाईट वेटर व्हा. वस्तू तिला दिसेल अशी ठेवा, आणि थांबा."

हे ऐकूनच आजोबांना घाम फुटला होता. सून मात्र शिस्तीची. तिने काही दिवस पाहिलं आणि काल सुनावलं, "बाबा, तुमच्याने थांबवत नसेल तर पुढच्या महिन्यापासून तिला दिवसभर पाळणाघरात ठेवते. उद्या ताई बघतील आणि मला सांगतील."

म्हणजे आजचं चालणं ही आजोबांची परीक्षाच, आणि टोपीच्या पट्ट्यातच पहिले मार्क गेलेले.

चढावर नात थांबली. आजोबांच्या पिशवीतून पाण्याची बाटली डोकावत होती. तिने बाटलीकडे बघितलं, मग आजोबांकडे. आजोबांनी मागे हात इतके घट्ट धरले की बोटं पांढरी पडली.

"ताई, तहान लागलीय तिला."

"दिसतंय मला."

"गिऱ्हाईक उठून जाईल हो!"

"जाऊ द्या."

आणि गिऱ्हाईक खरंच गेलं. थेट ताईंकडे जाऊन त्यांचं बोट ओढायला लागलं. आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. अख्ख्या नोकरीत त्यांचं गिऱ्हाईक दुसऱ्या वेटरकडे गेलं नव्हतं. ताईंनी रिकामे हात दाखवले, आजोबांकडे बोट केलं, आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ रे बाबा.

नात परतली. तिने पिशवीवर चापट मारली. आजोबांचे हात मागेच.

"बघा म्हातारा! लेकराला पाणी देत नाही," एक बाई जाता जाता पुटपुटली. आजोबांनी तेही गिळलं.

नातीने मान वर केली, कपाळाला आठी घातली आणि खेकसली, "दे!"

ना आजोबा, ना पाणी. नुसता हुकूम. पण अशी ऑर्डर आजोबांनी उभ्या जन्मात घेतली नव्हती. बाटली उघडताना अशी घाई झाली की अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवरच गेलं. ती प्यायली मात्र, आणि मग यांना राहवेना. केळं, बिस्किटं, रुमाल, सगळं एकदम पुढे! ताईंनी नुसतं बघितलं. आजोबांनी रुमाल तेवढा ठेवून बाकीचं निमूट पिशवीत टाकलं.

"जमलं तुम्हाला," ताई म्हणाल्या. "सुनेला मी तसंच सांगेन. पाळणाघराचं आता नको."

नात पुढे निघाली होती, वाटेतल्या दगडाला, कुत्र्याला, बंद दाराला 'दे' म्हणत. मग आजोबा ताईंच्या जवळ सरकले आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"सुनेला आणखी एक सांगाल? माझं ती ऐकायची नाही. दिवसभर मी थांबेन, शपथ. पण पोर दुपारी झोपली की तिचं पांघरूण सरकतं हो. झोपेत ती कशी मागणार? तेवढं मला न मागता घालू द्यायला सांगा."