टँकरच्या रांगेत माझं एक वाक्य

मैत्रिणींनो, हा ग्रुप फक्त आपल्या समुपदेशकांचा आहे, म्हणून लिहितेय. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

आमच्याच गल्लीतली एक जण माझ्याशी ऑनलाइन बोलते. माझ्या दारात कुणाला दिसू नये, म्हणूनच ऑनलाइन. बाहेर आमची ओळख नाही, असं आमचं ठरलेलं.

आज दुपारी टँकर आला. नळाला कित्येक दिवस पाणी नाही, त्यामुळं ही झुंबड. ती सासूबाईंसोबत रांगेत होती, चेहरा पांढराफटक. मला राहवलं नाही. म्हणाले, "अहो, हिला आधी भरू द्या. हिनं जड उचलायचं नाही."

पाईप धरलेली बाई हसली. "व्हय गं, गोड बातमी का?"

बातमी गोड नव्हती. घरात कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती मी इथंही सांगणार नाही.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मला काय झालंय? मी तर यांना ओळखत बी नाय."

मग तिनं दोन मोठ्या बादल्या काठोकाठ भरल्या आणि मला खोटं पाडायला दोन्ही एकदम उचलून जिना चढली.

ठरल्या वेळी ती आज ऑनलाइन आली नाही. माफीचा मेसेज लिहून बसलेय. पण आता तिचा फोन सासूबाईंच्या हातात असेल तर?

सांगा, पाठवू का?