सारवलेली ट्रेंच

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी चारचौघांत सांगते, आणि सांगणारच. त्यामुळे कुही तालुक्यातल्या त्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खननाला मला घेतलं तेव्हा गावच्या मजूर बायांशी मी जरा ताठ्यानंच वागायचे. चपला बाहेर. टोपल्या तिकडे. फडा नाही, ब्रश.

"मॅडम, ब्रशनं आंगण झाडाले बसलो त सासू हाकलून देईन," त्यांच्यातली सगळ्यात वडील बाई म्हणायची, आणि बाकीच्या खिदळायच्या.

ट्रेंच म्हणजे मोजून आखलेला चौकोनी खड्डा. माझ्या ट्रेंचमध्ये पिवळट मातीत गोल काळे डाग दिसले. सात, जवळजवळ एका रांगेत. लाकडी खांब कुजून जातो, पण त्याच्या खड्ड्यातली माती वेगळी राहते. कॉलेजात एका रोमन गावाच्या उत्खननाचा नकाशा पाहिला होता. दगडी इमारतींच्या खाली आधीच्या लाकडी घरांचे असेच ठिपके, बाकी काहीच उरलं नव्हतं. त्याच सुमाराला आपल्याकडेही लोक लाकडाच्या घरांत राहत होते, आणि त्यातलं एक मला सापडलं होतं. मी बायांना बोलावून ऐटीत दाखवलं. "हे घर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं."

दुसऱ्या दिवशी नागपूरहून उत्खननाचे प्रमुख सर येणार होते. डाग खांबांचे ठरले तर आणखी पंधरा दिवस खोदायला मिळणार, नाही तर ट्रेंच बुजवायची. ठरले तर तो माझा पहिला शोध. उजेड उतरला होता, म्हणून फोटो आणि नकाशा सकाळवर टाकला. ती चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

रात्री नागपूरला, प्रताप नगरच्या माझ्या खोलीवर मन लागेना. भाजी करपली. सातच कसे? कोपरा कुठे गेला? उंदरांची बिळं निघाली तर? सकाळची पहिली एसटी धरली.

पोचले तर शेणाचा वास. अख्खी ट्रेंच सारवलेली. ओल्या जमिनीवर हाताच्या अर्धगोल रेषा, काठाला रांगोळी. डाग एकही नाही. बाया हात धुऊन, पदर सावरून उभ्या होत्या. कौतुकाची वाट पाहत.

"काहून केलं हे?" मी ओरडले.

"पाहुणे येऊन राहिले ना," वडील बाई म्हणाली. "तूच त म्हणली, हे घर होय म्हणून. पाहुण्याइले उखणलेल्या घरात बसवतेत का वं?"

कोणीतरी हसलं. मी ट्रेंचभोवती दोन फेऱ्या मारल्या. सर यायला दोन तास होते. बायांवर ढकलावं? फोटो काढले होते पण बिघडले, असं सांगावं? शेवटी खुरपी घेऊन खाली उतरले आणि दिसेल तिथे भराभर खरडायला लागले.

"तशी खरडू नको, सारं एक करशीन." वडील बाई खाली आली. "आम्ही सारवलं, आम्हाले मालूम आहे कुठं काय होय ते. हात दे इकडं." तिने माझा तळवा जमिनीवर दाबला. "कडक. कडक. आता?"

हात किंचित आत गेला. भुसभुशीत. बारावीपर्यंत मी रोज घर सारवलं होतं, आणि माझ्या हाताला हे आठवलं नव्हतं.

ती गुडघ्यांवर सरकत पुढे, मी मागे रांगोळीचे गोल काढत. माझ्या सातांपैकी एकावर तिने मान हलवली. "हा खांब नोहय. तिरपं जाते. उंदीर होय." मग रांग सोडून आडव्या अंगाला, जिथे मला काही दिसलंच नव्हतं, तिथे थांबली. "इथं पाय बी दबते."

सर आले. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी शेणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फोटो नाही, नकाशा नाही. रांगोळी मात्र आहे." मग त्या नव्या गोलाकडे बोट केलं. "हा अर्धा काप."

अर्धा कापायचा म्हणजे उभा चिरायचा, बाजूने पोट दिसेल असा. खांबाचा खड्डा सरळ खाली जातो, बीळ वाकतं. वीतभर खाली काळी माती सरळच. हातभर खाली सपाट तळ, आणि कडेने ठोकून बसवलेले दगड.

बाईने वाकून पाहिलं. "आमच्या ढोराइच्या कोठ्याची मेढ अशीच ठोकली आहे."

सरांनी उकिडवं बसून दगड चाचपले. तो कोपऱ्याचा खांब होता. तिथून भिंत वळत होती. "घ्या पंधरा दिवस," ते म्हणाले. "सारवल्याचं डायरीत लिहायचं. आणि हा कसा सापडला तेही."

मी लिहिलं. शेण लपवलं नाही. पुढे लिहिलं, 'कोपऱ्याचा खांबखड्डा वरून दिसला नाही, सारवलेल्या जमिनीवर हाताला लागला.' कोणाच्या हाताला, ते लिहिलं नाही. खाली सही केली.

"काय लिहिलं वं?" बाजूला उभ्या बाईने विचारलं.

"खांब सापडला, ते."

"हाव, लिही. चांगलं लिही."

पुढे अहवाल निघाला. त्यातही तेच वाक्य आहे, तसंच. तिचं नाव मला माहीत नव्हतं असं नाही. रोज सकाळी हजेरी मीच घेत होते.