बेस्निकसाहेबाची मान

बेस्निकसाहेबाला तोंडाने ‘हो’ म्हणायचा भारी कंटाळा. कोणी काही मागितलं की उजवा हात छातीवर, डोळे अर्धे मिटलेले आणि मान वर-खाली. अल्बेनियाहून आलेला हा गडगंज माणूस दम्मामला आमची लोखंडकामाची कंपनी चालवायचा. कागदोपत्री कफील, म्हणजे आमच्या व्हिसाचा मालक, सौदी होता, पण हुकूम याचाच. “आमच्याकडे माणूस मरतो, शब्द मरत नाही,” हे त्याचं पालुपद. आमचे पासपोर्ट मात्र त्याच्या तिजोरीत.

सावंत आमचा वेल्डर, गुहागरचा. एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बोलायला म्हणून मला केबिनमध्ये घेऊन गेला. मी सुट्टीचं सांगितलं. हात छातीवर, मान वर-खाली. झालं! सावंतने त्याच संध्याकाळी मुलीला बांगड्या घेतल्या, खोक्याला दोरी आवळली आणि कॅम्पभर खजूर वाटले.

निघायच्या दिवशी पासपोर्ट मागितला तर साहेब हसला. हो, हसला मेला.

“मी ‘नाही’च म्हटलं होतं. आमच्या देशात मान वर-खाली म्हणजे नाही. आडवी हलवली तर हो.”

बंदरावरचं काम अर्धवट होतं, सावंतला सोडायचं नव्हतं, एवढंच. भर उन्हात काम चालू ठेवायचं का, असं विचारलं की हीच मान अश्शीच हलायची, आणि तेव्हा ती अस्सल हिंदुस्थानी असायची. असला कोडगा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

कन्यादान सावंतच्या धाकट्या भावाने केलं. सावंतने मंगलाष्टकं माझ्या मोबाइलवर ऐकली, मेसमधले तांदूळ मुठीत धरून. ‘सावधान’ ऐकू आलं तसे त्याने ते समोरच्या भिंतीवर टाकले. मला बघवेना.

पुढे हा नग कंपनी विकून मायदेशी गेला आणि निवडणुकीला उभा राहिला. पैसा होता, लाज नव्हती. निवडून आला यात नवल ते काय. त्याच्या गावचा एक सुपरवायझर अजून आमच्यातच होता. त्याने लॅपटॉपवर साहेबाची सभा दाखवली. एक म्हातारी उठून गावाला नळ मागत होती. साहेबाने हात छातीवर ठेवला आणि मान आडवी हलवली. टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, आपल्या माणसांना तरी सरळ हो म्हणतोय.

सावंत पडद्याकडेच बघत होता.

“थांबा भाऊ. नळ मागायला गेली की तिला सांगेल, दम्मामला याला नाही म्हणतात.”