घंटी वाजली की

शेगावहून सोनाळ्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. कंडक्टरने तिकीट न मागता नमस्कार केला, तेव्हा कळलं की त्या माजी आमदार. बोटांवर मात्र सुकलेल्या बोंडांच्या टोकांचे जुने ओरखडे होते.

"कापूस वेचता वेचता बायायनंच मले सरपंचकीले उभं केलं," त्या सांगू लागल्या. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि त्या गप्प झाल्या. पुढच्या थांब्यावरही तेच.

"ताई, घंटी वाजली की थांबता काऊन?" मी विचारलं.

त्या ओशाळून हसल्या. "सभागृहाची सवय हाये, भाऊ. वेळ संपला का अध्यक्ष घंटी वाजवत. बाकीचे तरी बोलतच राहत. मी नियम म्हणून खाली बसो."

बीटी कपाशीलाही बोंडअळी लागली, त्या साली त्यांना सभागृहात एकच विचारायचं होतं: वेचायला कापूसच उरला नाही, तर वेचणाऱ्या बायांच्या मजुरीचं काय? अळीचं सांगून झालं आणि घंटी वाजली.

"वावरवाल्यायले भरपाई भेटली," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "बायायचं नावच नाही निघालं. मी बसली ना."

त्यांचा फाटा आला. त्या उतरल्या, तेव्हा वेचणीहून परतणाऱ्या बाया गाडीत चढत होत्या. त्यांच्याकडे बघून त्या काहीतरी बोलणार, एवढ्यात कंडक्टरने दोनदा घंटी मारली. त्यांनी तोंड मिटलं आणि रस्त्याच्या कडेला सरकून उभ्या राहिल्या.