वलगाव ते बार्शीटाकळी : बाबांच्या सहीसाठी एक रविवार

अमरावतीहून बार्शीटाकळी फार लांब वाटत असेल तर आधीच सांगते, सकाळी साडेसहाची एसटी धरली की अकराच्या उपासनेला आरामात पोचता येतं. आम्ही पोचलो. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा, अमरावतीजवळच्या वलगावचे भाजीवाले.

जायचं कारण सेमिनरीचा, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या कॉलेजचा, फॉर्म. पाळक व्हायचं तर आधी एखाद्या मंडळीसमोर उपदेश करून दाखवायचा, आणि फॉर्मवर पालकाची सही आणायची. उपदेशासाठी बार्शीटाकळीचं छोटं चर्च मिळालं. सहीपाशी मात्र घोडं अडलं होतं. "अकोल्याले चार वर्सं शेतीची डिगरी केली, आता चर्चची घंटा वाजवशीन काय?" महिनाभर बाबांचं हेच. शेवटी आई म्हणाली, "एक डाव आयकून तं घ्या तिले." म्हणून ते सोबत निघाले. सही करणार की नाही, ते काही सांगेनात.

अमरावतीच्या स्टँडवर गिला वडा खाऊन घ्या, पुढच्या चहाचं काही खरं नाही. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी बाबांच्या निम्म्यात. रस्ता झकास, दोन्हीकडे कापूस फुटलेला. अकोल्याहून काळीपिवळी जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. बाबा वाटभर लोकांच्या तुरी बघत होते. "फवारा उशिरा मारला यायनं," एवढंच बोलले.

चर्चमध्ये "सलाम, सलाम" असा आमच्या रीतीचा नमस्कार करत पाळकसाहेबांनी मला पुढे नेलं. बाबा पार मागे सतरंजीवर बसले. मी आठ पानं लिहून आणली होती, अगदी शुद्ध, पुणेरी. दुसऱ्या पानावरच जांभया सुरू. तिसऱ्यावर पुढच्या ओळीतली एक म्हातारी चक्क म्हणाली, "बाई, काय वाचून राहिली? आमच्यासारकं बोल ना!"

अगं आई गं! पानं बाजूला ठेवली, आणि कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघालं.

मी सात वर्षांची असताना मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वारले. पेढी नदीला पूर, पाळक पलीकडे अडकलेले. कबरेभोवती सगळे ताटकळत उभे, आणि प्रार्थनेला कुणी पुढे होईना. मी हात जोडले आणि मला येत होती ती एकच प्रार्थना म्हटली, जेवणाआधीची. "देवा, या ताटातल्या अन्नाला आशीर्वाद दे." काही लोक फिसकन हसले. बाबांनी दंड धरून मला घरी आणलं आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. पण मोठेबाबांच्या बायकोने, माझ्या मोठ्याईने, मला पोटाशी धरलं. म्हणाली, "बरं झालं माय, उपाशी नाही गेला माणूस." मला काय व्हायचंय, ते त्या दिवशीच ठरलं.

म्हातारी पदराने डोळे पुसत होती. बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

उपासनेनंतर पाहुण्यांनी उभं राहून आपली ओळख सांगायची, ही आमच्या मंडळ्यांची रीत. बाबा कुठल्याच चर्चमध्ये उभे राहत नाहीत, लाजतात. त्या दिवशी कुणी विचारायच्या आधीच उठले. "मी वलगावचा. मेथी-पालक लावतो. हे आता जे बोलली ना, हे माही पोरगी होय!" आवाज इतका खणखणीत की बाहेरची कुत्री उठली.

मग मंडळीने रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घातली. असं बोलावणं आलं तर सोडू नका. परतीच्या बसमध्ये बाबा झोपले, किंवा झोपल्याचं सोंग घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, चष्मा लावला आणि फॉर्म मागितला.

सेमिनरीतलं माझं पहिलं वर्ष आता संपत आलंय. इथे सगळे एकमेकांना विचारतात, तुला पाचारण कधी झालं? मी लांबण लावत नाही, बायबलमध्ये ठेवलेली त्या फॉर्मची झेरॉक्स काढून दाखवते. सहीच्या वर, पालकाच्या अभिप्रायाच्या जागी, बाबांनी वाकड्या अक्षरात लिहिलंय : "पोरीले देवानं सातव्या वर्सीच बोलावलं. मले समजाले उशीर झाला, पण मी तिथं होतो."